विचारल्यावर सांगा : सुवार्ता सांगू पाहणाऱ्या नवख्यांसाठी

मी पहिल्यांदा कुणाला येशूबद्दल सांगितलं, तो प्रसंग आठवला की अजून कान तापतात. ऑफिसातला एक सहकारी आई गेल्यानंतर आठवड्याभरानं कामावर परतला होता. मी त्याच्याजवळ जाऊन बसलो, 'वाईट झालं' म्हणालो आणि तिसऱ्या वाक्याला सार्वकालिक जीवनावर पोचलो. त्यानं शांतपणे ऐकून घेतलं, 'थँक्यू' म्हणाला आणि उठला. पुढं वर्षभर तो जेवायला माझ्या टेबलावर बसला नाही.

त्या दिवशी मी जे बोललो त्यातलं काहीच मी आज खोटं म्हणणार नाही. पण त्यानं मला काही विचारलं नव्हतं. त्याला आईबद्दल बोलायचं होतं, आणि मी त्याच्या दुःखाचा उपयोग माझ्या बोलण्यासाठी करून घेतला. माणसाला हे लगेच कळतं.

नव्यानं विश्वासात आलेल्यांना सुवार्ता, म्हणजे येशूची चांगली बातमी, सांगायची घाई असते, आणि ती समजण्यासारखी आहे. चांगली बातमी पोटात राहत नाही. दुसरीकडे असेही पुष्कळ जण आहेत ज्यांचं वर्षानुवर्षं तोंडच उघडत नाही, कारण उघडलं तर मैत्री तुटेल अशी धास्ती असते. हा लेख दोघांसाठी आहे.

सुरुवातीला एक वचन, पण पूर्ण वाचा

या विषयावर मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, हमखास निघणारं वचन म्हणजे १ पेत्र ३:१५. 'उत्तर द्यायला नेहमी तयार असा' एवढा भाग सगळ्यांच्या लक्षात राहतो. उरलेल्या दोन गोष्टी गळून जातात. उत्तर द्यायचंय ते *विचारणाऱ्याला*, आणि द्यायचंय ते सौम्यपणे, आदर राखून. हे पत्र पंत, गलतिया, कप्पदुकिया, आशिया आणि बिथुनिया या प्रांतांत विखुरलेल्या लोकांना लिहिलेलं आहे. ते थोडे होते, आणि शेजारीपाजारी त्यांच्याविषयी वाईटसाईट बोलत. त्यांच्याकडे ना व्यासपीठ होतं ना माईक. होते ते फक्त शेजारी. त्यामुळे पेत्र गृहीत धरतो की यांच्या जगण्याकडे पाहून कुणाला तरी प्रश्न पडेल, आणि मग बोलणं सुरू होईल.

पौलही कलस्सै ४:६ मध्ये म्हणतो की तुमचं बोलणं कृपायुक्त, मिठानं रुचकर केलेलं असावं, म्हणजे *प्रत्येकाला* कसं उत्तर द्यायचं ते कळेल. प्रत्येकाला! एकच पाठ केलेलं भाषण सगळ्यांना ऐकवण्याची पद्धत इथंच निकालात निघते. आणि मीठ जास्त झालं तर काय होतं ते सांगायला नको.

पहिली पायरी : लपवू नका, मिरवू नका

सोमवारी कुणी विचारलं, 'काल काय केलंस?' तर 'सकाळी उपासनेला गेलो होतो, दुपारी ताणून दिली' असं सरळ सांगा. उपासनेचा भाग गाळू नका आणि त्यावर पुढची पाच मिनिटंही घेऊ नका. ज्याला कुतूहल असेल तो विचारेल. नाही विचारलं तर विषय संपला. श्रद्धा तुमच्या आयुष्याचा साधा भाग आहे एवढं लोकांना माहीत असलं, की पुढं कधी ती एकदम 'उघड' करायची वेळ येत नाही. सहा महिने गप्प राहून सातव्या महिन्यात अचानक गंभीर चेहरा करून 'मला तुझ्याशी एक महत्त्वाचं बोलायचंय' म्हणणारा माणूस समोरच्याला घाबरवून सोडतो.

मिरवणं म्हणजे काय, हे मात्र ज्यानं त्यानं ओळखावं. ऑफिसच्या किंवा इमारतीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर रोज सकाळी वचन टाकणं माझ्या मते मिरवण्यातच जमा होतं. तो ग्रुप त्यासाठी काढलेला नसतो.

लोकांना प्रश्न कशामुळे पडतो? माझ्या अनुभवात चमत्कारांच्या कहाण्यांपेक्षा माफी मागितल्यानं जास्त. चूक झाली की सबब न सांगता 'माझं चुकलं' म्हणणारा, पाठीमागे निंदा चालू झाली की त्यात सूर न मिसळणारा, हिशेबात चोख असलेला माणूस लक्षात राहतो. याच्या उलट वागणाऱ्यानं येशूचं नाव न घेतलेलं बरं.

जाता जाता एक सांगतो. 'सुवार्ता सतत सांगा. गरज पडलीच तर शब्द वापरा' हे वाक्य असिसीच्या संत फ्रान्सिसच्या नावावर खपतं. त्याच्या लिखाणात ते कुठंही सापडत नाही, आणि तो स्वतः तर भरपूर बोलणारा उपदेशक होता. त्यानं खरोखर जे लिहून ठेवलंय ते जास्त कामाचं आहे. आपल्या बंधूंसाठी केलेल्या १२२१ च्या नियमावलीत, सोळाव्या प्रकरणात, मुस्लिम लोकांमध्ये राहायला जाणाऱ्यांना तो दोन मार्ग सांगतो. एक, भांडण नको, वादविवाद नको. देवासाठी प्रत्येक माणसापुढं नम्र राहा आणि आपण ख्रिस्ती आहोत हे मान्य करा. दुसरा, देवाची तशी इच्छा दिसेल तेव्हा वचन सांगा. हे हवेतलं बोलणं नव्हतं. त्याआधी दोनच वर्षं, १२१९ मध्ये, धर्मयुद्ध चालू असताना तो शत्रूच्या छावणीत जाऊन इजिप्तचा सुलतान अल-कामिल याला भेटून आला होता. सुलतान ख्रिस्ती झाला नाही. फ्रान्सिस सुखरूप परत आला.

दुसरी पायरी : ऐका, आणि नुसतं ऐका

सगळ्यात जास्त वेळ या पायरीवर घालवा.

शुभवर्तमानांत येशूचं संभाषण कसं सुरू होतं ते पाहा. योहान ४ मध्ये शोमरोनी बाईशी तो पहिलं वाक्य बोलतो ते 'मला पाणी दे' हे. द्यायला आलेला माणूस आधी मागतो. लूक २४ मध्ये अम्माऊसच्या वाटेवर दोघं शिष्य यरुशलेमात काय घडलं त्यावर हताश होऊन बोलत चाललेत. ते सगळं ज्याच्यावर गुजरलं तो येशू स्वतःच, त्यांनी न ओळखलेला, शेजारून चालतोय, आणि विचारतो काय, तर 'कोणत्या गोष्टी?' त्यांना सगळी कहाणी सांगू देतो आणि मग बोलतो. पौलाला अथेनैमध्ये (म्हणजे अथेन्समध्ये) मूर्ती पाहून मनातून संताप आला होता, असं प्रेषितांची कृत्ये १७:१६ मध्ये स्पष्ट लिहिलंय. पण भाषणात तो संताप नाही. तो तिथल्या लोकांच्याच एका वेदीपासून सुरुवात करतो आणि त्यांच्याच कवींचे बोल त्यांना ऐकवतो. म्हणजे तो त्या शहरात डोळे उघडे ठेवून फिरला होता.

तुमच्यासाठी एक सराव सुचवतो. एकच माणूस निवडा. पुढच्या महिनाभरात त्याच्याशी निदान तीन वेळा निवांत बोला, आणि त्यात स्वतःच्या श्रद्धेचा विषय तुमच्याकडून काढू नका. त्याला विचारा : लहानपणी तुला देवाबद्दल कुणी सांगितलं? त्यातलं काय पटलं, काय सुटलं? फार अडचणीत असतोस तेव्हा काय करतोस? उत्तराला उत्तर देऊ नका. पुढचा प्रश्न त्याच्या उत्तरातून येऊ द्या.

महिन्याच्या शेवटी एक परीक्षा. त्याची श्रद्धा, किंवा अश्रद्धा, तुमच्या शब्दांत त्याला सांगून पाहा. 'हो, असंच वाटतं मला' असं तो म्हणाला तर तुम्ही ऐकलंत. 'तसं नाही रे' म्हणाला तर तुम्ही आतल्या आत आपल्या उत्तराची जुळवाजुळव करत होतात. आपल्या धर्मातला सर्वांत चांगला माणूस आणि त्याच्या धर्मातला सर्वांत वाईट माणूस अशी तुलना करण्याचा मोहही याच काळात मोडून काढायचा.

दुःखात असलेल्या माणसासाठी नियम आणखी सोपा आहे : बसा. मुलंबाळं, संपत्ती सगळं गमावलेल्या ईयोबाचे मित्र सात दिवस आणि सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर एक शब्दही न बोलता बसले होते. तोवर त्यांचं सगळं बरोबर चाललं होतं. बिघडलं ते तोंड उघडल्यावर. आपला मित्र लाजर याच्या थडग्याकडे जाताना येशूही रडला, पुढं त्याला आपण उठवणार हे ठाऊक असून. हे सगळं मी त्या सहकाऱ्याशी बोलण्याआधी कितीतरी वेळा वाचलं होतं. असो.

तिसरी पायरी : आपली साक्ष तीन मिनिटांत बसवा

'साक्ष' हा शब्द मुळात कोर्टातला. साक्षीदारानं पाहिलं तेवढं सांगायचं असतं. खटला जिंकायची जबाबदारी त्याची नसते. योहान ९ मधला आंधळा याचा उत्तम नमुना आहे. धर्मपंडित त्याला येशूबद्दल अवघड प्रश्न विचारतात. तो म्हणतो, ते मला माहीत नाही. एक माहीत आहे, मी आंधळा होतो, आता मला दिसतंय.

कागद घ्या आणि लिहून काढा : आधी मी कसा होतो, काय घडलं, त्यानंतर काय बदललं. प्रेषितांची कृत्ये २६ मध्ये पौल अग्रिप्पा राजापुढं याच क्रमानं बोलतो. पण पौलाला दिसला तसा दिमिष्काच्या (दमास्कसच्या) वाटेवरचा प्रकाश तुम्हाला दिसला नसेल तर तो आणू नका. लहानपणापासून ख्रिस्ती घरात वाढलात आणि हळूहळू विश्वास आपला वाटू लागला, ही साक्षही पूर्ण साक्ष आहे. पूर्वायुष्य आहे त्यापेक्षा काळं रंगवायचं नाही. 'आता सगळं छान आहे' असंही म्हणायचं नाही, कारण ऐकणाऱ्यानं तुम्हाला मागच्या आठवड्यात चिडलेलं पाहिलेलं असतं.

आता भाषा. मंडळीत आपण एक बोली बोलतो आणि ती बोली आहे हेच विसरतो. 'माझं तारण झालं', 'कोकऱ्याच्या रक्तानं धुतलो गेलो', 'प्रभूनं ओझं दिलं', 'देहस्वभावानं वागलो'. बाहेरच्या माणसाला यातलं काहीही कळत नाही. एखादं वाक्य तर चक्क भीतीदायक वाटतं. 'तारण' ऐकून त्याच्या डोळ्यांपुढं बँकेत ठेवलेले दागिने येतात! तेव्हा उलगडून बोला. 'कृपा' म्हणायचं असेल तर 'माझी लायकी नसताना मला जवळ केलं गेलं' म्हणा. 'पश्चात्ताप' म्हणजे 'चाललो होतो त्या वाटेवरून मागं फिरलो'.

साधारण असं काही :

'मी कायम लोकांना खूश ठेवण्याच्या धडपडीत असायचो. कुणी नाराज झालं की झोप लागायची नाही. एका मित्रानं मला लूकचं शुभवर्तमान वाचायला दिलं. त्यातल्या पंधराव्या अध्यायात एक बाप आहे, सगळं उधळून परत आलेल्या मुलाकडं धावत जाणारा. येशू म्हणतो देव असा आहे. मला ते खरं वाटायला बरेच महिने लागले. आजही लोकांच्या नाराजीनं त्रास होतो, पण त्यावर माझी किंमत ठरत नाही हे आता कळलंय.'

हे झालं एका मिनिटाच्या आत. लिहिलेलं मंडळीबाहेरच्या एखाद्या मित्राला वाचून दाखवा आणि कुठल्या शब्दाला तो अडखळला ते विचारा.

चौथी पायरी : परवानगी घ्या, आणि 'नको'ला नको समजा

संभाषणात जागा दिसली की विचारा : 'याबद्दल माझा स्वतःचा एक अनुभव आहे, सांगू का? नको असेल तर राहू दे.' दुसरं वाक्य पहिल्याइतकंच मनापासून म्हणायचं. 'सांग' म्हणाला तर तेवढंच सांगा आणि थांबा. 'नंतर कधीतरी' म्हणाला तर हसून दुसऱ्या विषयाकडं वळा. तो 'नंतर' त्यानं काढायचा, तुम्ही नाही.

मार्क १० मधला श्रीमंत माणूस मला इथं नेहमी आठवतो. येशूनं त्याच्याकडे पाहिलं, त्याच्यावर प्रीती केली, आणि एक अवघड गोष्ट सांगितली. तो खिन्न होऊन निघून गेला. येशू त्याच्यामागं धावला नाही, अट सौम्य केली नाही, शिष्यांना त्याचा पाठलाग करायला धाडलं नाही. प्रीती केली आणि जाऊ दिलं. 'नाही' म्हणायची मोकळीक नसेल तर 'हो'ला काय अर्थ उरतो?

(दाराशी उभा राहून ठोकणारा येशू, प्रकटीकरण ३:२०, हे चित्र सुवार्ता सांगताना फार वापरलं जातं. ते पत्र लावदिकीयाच्या *मंडळीला* आहे. दार विश्वासणाऱ्यांनीच लावून घेतलं होतं.)

परवानगी मागितली तरी समोरच्याला नाही म्हणता येणार नाही, अशाही जागा असतात. तुम्ही त्याचे साहेब आहात, शिक्षक आहात, डॉक्टर आहात, त्याला पैसे उसने दिलेत, तो तुमच्या घरी आश्रयाला आहे. अशा ठिकाणी तुमच्याकडून विषय काढूच नका. लहान मुलांशी त्यांच्या आईवडिलांच्या अपरोक्ष तर मुळीच नाही. मदत केली तर ती मदत म्हणूनच करा. तिच्या शेपटीला पत्रक बांधू नका. हे माझं एकट्याचं मत नाही. वर्ल्ड कौन्सिल ऑफ चर्चेस, व्हॅटिकनची आंतरधर्मीय संवादाची परिषद आणि वर्ल्ड इव्हँजेलिकल अलायन्स या एरवी क्वचितच एका कागदावर येणाऱ्या तिघांनी २०११ मध्ये बहुधर्मीय जगातल्या ख्रिस्ती साक्षीबद्दल एकत्र शिफारशी काढल्या. फसवणूक, जबरदस्ती आणि लोकांच्या गरिबीचा फायदा घेणारी आमिषं त्यांत साफ नाकारली आहेत. १९४८ च्या मानवी हक्कांच्या जाहीरनाम्याचं अठरावं कलम श्रद्धा बाळगण्याचं, ती बदलण्याचं आणि प्रकट करण्याचं स्वातंत्र्य प्रत्येकाला देतं. तुम्हाला जसं, तसंच त्यालाही. शिवाय तुम्ही राहता तिथला कायदा याबाबत काय म्हणतो ते आधी नीट समजून घ्या.

अवघड प्रश्न आले की

येणारच. 'देव आहे तर माझं मूल का गेलं?' याला उत्तर नसतं. वर ईयोबाच्या मित्रांचं सांगितलं ते पुन्हा वाचा. 'चर्चनं इतिहासात काय काय केलंय!' याला मात्र उत्तर आहे : हो, केलंय. धर्मयुद्धं, गुलामगिरीचं समर्थन, मुलांवरचे अत्याचार झाकणं, हे खरं आहे आणि लाजिरवाणं आहे. 'पण इतरांनीही...' असं सुरू होणारं वाक्य गिळून टाका.

'सगळे धर्म सारखेच ना?' या प्रश्नावर पुष्कळ जण ओशाळून 'हो हो' म्हणतात. नका म्हणू. येशू मेला आणि पुन्हा उठला, हा आपला दावा आहे, आणि तो घडला नसेल तर आमचं सांगणं व्यर्थ आहे असं खुद्द पौलानं १ करिंथ १५:१४ मध्ये लिहून ठेवलंय. 'मला सारखे वाटत नाहीत, पण तुझ्याकडून शिकण्यासारखं मला खूप दिसतं' असं, दुसरा भाग खरा असेल तर, म्हणता येतं.

ठाऊक नसलेल्या गोष्टीला 'ठाऊक नाही' म्हणा. आणि फेसबुकवर रात्री अकरानंतर कुणाशीही देवाच्या अस्तित्वावर वाद घालू नका.

प्रार्थना

त्या माणसासाठी रोज करा, त्याला न सांगता. तो अडचणीत असेल तर विचारा, 'तुझ्यासाठी प्रार्थना केली तर चालेल?' तिथंच त्याच्यासमोर करायची असेल तर तेही विचारा. चार वाक्यांत आटपा. डोळे मिटून केलेलं प्रवचन म्हणजे प्रार्थना नव्हे. देवाशी बोलतोय असं दाखवत शेजाऱ्याला ऐकवण्याची आपल्यातल्या कित्येकांना सवय असते, आणि ती चटकन ओळखू येते.

तो सुरुवातीचा सहकारी. चारेक वर्षांनी त्याच्या मुलीचं ऑपरेशन होतं. आदल्या संध्याकाळी त्यानं जाता जाता विचारलं, 'तू प्रार्थना वगैरे करतोस ना अजून?' मी हो म्हणालो, मुलीचं नाव विचारून घेतलं. त्या दिवशी आमचं एवढंच बोलणं झालं.

घरात

घरच्यांना सांगणं सगळ्यात अवघड, कारण त्यांना आपण पुरते माहीत असतो. उत्तराला तयार राहा म्हणणारा पेत्र त्याच अध्यायाच्या पहिल्या वचनात, नवरा विश्वासात नसलेल्या स्त्रियांना, तो *शब्दावाचून* तुमच्या वागण्यानं जिंकला जावा असं सांगतो. घरासाठी हाच नियम पकडा. नारायण वामन टिळकांनी १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतला. लक्ष्मीबाईंनी १९०० मध्ये. मधली पाच वर्षं दोघांनाही सोपी गेली नाहीत, पण लक्ष्मीबाईंचा विश्वास नवऱ्याकडून उसना घेतलेला नव्हता.

पुस्तक द्यायचं, बोलावायचं

टिळकांचीच गोष्ट पुढं न्यायची तर, त्यांच्या हाती नवा करार आला तो रेल्वेच्या डब्यात, एका अनोळखी परदेशी सहप्रवाशाकडून, गप्पांच्या ओघात. डोंगरावरच्या प्रवचनानं त्यांना धरून ठेवलं ते पुढं, एकट्यानं वाचताना. देणारा तोवर आपल्या वाटेनं निघून गेला होता.

कुणी वाचायला मागितलं तर अख्खं बायबल हातात ठेवू नका. तो उत्पत्तीपासून सुरू करेल आणि लेवीयात अडकेल. मार्कचं शुभवर्तमान द्या. सोळाच अध्याय, मोठ्यानं वाचलं तरी साधारण दीड तासात संपतं. जमलं तर एकत्र वाचा आणि 'यात तुला काय खटकलं?' हा प्रश्न आधी विचारा.

उपासनेला बोलावलंत तर काय होईल ते आधीच सांगा : किती वेळ चालेल, लोक कधी उभे राहतील, गाणं म्हटलं नाही तरी चालतं, दानाची पिशवी आली की पुढं सरकवायची. पूर्ण वेळ त्याच्या शेजारी बसा. आणि पाळकांना बजावून ठेवा की नव्या पाहुण्याला उभं करून त्याचं नाव विचारायचं नाही.

तो विश्वास ठेवतो म्हणाला तर

आनंद होईल, आणि याच वेळी घाई सगळ्यात जास्त अंगाशी येते. २०११ च्या त्याच शिफारशींत म्हटलंय की धर्म बदलणं हे निर्णायक पाऊल आहे आणि विचाराला, तयारीला पुरेसा वेळ मिळायला हवा. बाप्तिस्म्याची तारीख तुम्ही सुचवू नका. पाळकांशी गाठ घालून द्या. घरी कधी आणि कसं सांगायचं हे त्याला ठरवू द्या, आणि तो सांगेपर्यंत ही बातमी तुमच्या तोंडून मंडळीतही फुटता कामा नये, प्रार्थनेची विनंती म्हणून तर नाहीच. फोटो काढू नका.

आणि तो कधीच तसं म्हणाला नाही, तरी त्याच्या वाढदिवसाला फोन करत राहा.